रस्त्यानं मुलांशी जुळवून घ्यावं

पुण्याच्या पेठांमधल्या अनेक शाळांत सकाळचं सत्र सुटतं आणि दुपारचं भरतं, ते अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. तेवढा वेळ फाटकासमोरचा रस्ता भलताच अवघड होऊन बसतो. घरी निघालेली मुलं, शाळेत येणारी मुलं, ओळीनं लावलेल्या रिक्षा आणि व्हॅन, नातवंडांना न्यायला आलेले आजी-आजोबा, फूटपाथवर चढवलेल्या दुचाक्या आणि या सगळ्यांतून वाट काढणारी पीएमपीची बस. रस्ता एकेरी असेल तर मोकळी जागा दिसताच गाड्या सुसाट सुटतात. शाळेचे शिपाईकाका शिट्टी वाजवत मध्ये उभे राहतात, आरएसपीची (रोड सेफ्टी पेट्रोलची) मुलं हात आडवे धरतात, आणि तेवढ्या अवधीत मुलांचे घोळके पलीकडे जातात. काका आत गेले की मागे राहिलेल्या मुलानं आपलं आपण बघायचं.

त्या मुलाला आपण काय शिकवलेलं असतं? आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. पळू नकोस. हात दाखव. रस्ता सुरक्षा अभियानात घोषवाक्यांच्या आणि चित्रकलेच्या स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. ही शिकवण हवीच. पण रस्ता आखणारे मोठे, गाडी चालवणारे मोठे, नियम करणारेही मोठे. आणि सावध राहण्याची मुख्य जबाबदारी दुसरीतल्या मुलावर, ही वाटणी अन्यायाची आहे. ती उलटी करायला हवी, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

सात वर्षांचं मूल साधारण १२० सेंटिमीटर उंच असतं. रस्त्याकडेला उभी असलेली मोटार त्याच्या डोक्यापेक्षा उंच. म्हणजे दोन गाड्यांच्या फटीतून पुढे येईपर्यंत मुलाला वाहन दिसत नाही आणि चालकाला मूल दिसत नाही. शिवाय येणाऱ्या गाडीचा वेग, तिचं अंतर आणि आपल्याला लागणारा वेळ यांचा मेळ मनातल्या मनात घालणं या वयात जमत नाही. मैत्रिणीनं हाक मारली की लक्ष तिकडे जातं; ते वयच तसं असतं. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६०च्या दशकात लहान मुलांच्या रस्त्यावरच्या वागण्याचा बारकाईनं अभ्यास केला. नुसतं शिकवून लहान मुलांना रहदारीच्या साच्यात बसवता येत नाही, रहदारीलाच मुलांच्या मापाचं करावं लागतं, असा त्यांच्या कामाचा रोख होता. ही गोष्ट कळून अर्धशतक उलटलं. आपले रस्ते मात्र अजून धडधाकट, चपळ, मोठ्या माणसाचं माप धरूनच आखले जातात.

हे माप बदललं तर काय होतं, ते साध्या गणितानं पाहता येतं. बारा मीटर रुंदीचा रस्ता घ्या. आपल्याकडचे अभियंते पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबानं रस्ता दहा सेकंदांत पार होतो. आता कुबड्या घेऊन चालणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचा वेग याच्या निम्मा धरला, तर तिला वीस सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगानं येणारी गाडी वीस सेकंदांत सुमारे २८० मीटर अंतर कापते. म्हणजे तिला सुखरूप पलीकडे जायचं, तर जवळजवळ २८० मीटर रस्ता रिकामा हवा. शहरात शाळेच्या वेळेला तो कधी मिळतो?

आता याच रस्त्याच्या मध्यावर थांबायला नीट जागा करा, व्हीलचेअर मावेल एवढी रुंद. रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येईल, एका टप्प्याला दहा सेकंद. गाड्यांचा वेग ३०वर आणा. मग लागणारी मोकळी जागा साधारण ८५ मीटरवर येते. मुलगी तीच, कुबड्या त्याच, चालही तीच. बदलला तो रस्ता.

वेगाचं आणखी एक गणित आहे. चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. ताशी ३०नं येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण तेरा मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ५०नं येणाऱ्या गाडीचे तेरा मीटर त्या एका सेकंदातच संपतात. तिचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. वीस किलोमीटरच्या फरकात एका मुलाचं सगळं आयुष्य मावतं.

पण नुसती पाटी लावून वेग उतरत नाही. रस्ता रुंद आणि सरळ असेल तर पाय आपोआप दाबला जातो, आणि रस्त्याची घडणच सावकाश जायला सांगत असेल तर पाय उचलला जातो. म्हणून शाळेसमोरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे उंच केलेलं क्रॉसिंग. फूटपाथच्या पातळीवर, पूर्ण रुंदीचा, दोन्ही बाजूंना उतार असलेला सपाट ओटा. गाडीला तो गतिरोधक, आणि चालणाऱ्याला तो फूटपाथचाच पुढचा भाग. मुलानं फूटपाथवरून खाली उतरायचं नाही. गाडीनं त्याच्या पातळीवर चढायचं. सुरक्षितता आणि सुगमता या दोन निराळ्या फायली समजल्या जातात. इथे एकाच बांधकामात दोन्ही साधतात.

असा ओटा करणं शक्य नसेल तिथे रॅम्प हवा, आणि त्याचा खरा कस तपशिलात लागतो. फूटपाथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर एकास बारा उतारानं रॅम्पची लांबी १.८ मीटर भरते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हातभर लांबीचा सिमेंटचा ढीग ओतलेला असतो. त्यावरून व्हीलचेअर ढकलायला दोन माणसं लागतात, आणि पावसाळ्यात त्याच्या पायथ्याशी डबकं साठतं. अंध मुलांसाठी फरशा बसवतात. लांब पट्ट्यांची फरशी पुढे जा म्हणते, गोल उंचवट्यांची फरशी थांब म्हणते. तीच पट्ट्यांची फरशी थेट विजेच्या खांबाला किंवा झाडाच्या पाराला जाऊन भिडली, तर तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या मुलाला ती दगा देते. झेब्रा पट्टे एखाद्या ठिकाणी दुभाजकाच्या रेलिंगपाशीच संपतात. पलीकडे जायला फट नसते. डांबराचा नवा थर आला की पट्टे गडप होतात आणि पुन्हा रंगवायचे राहून जातात.

यावर सुचवला जाणारा नेहमीचा पर्याय म्हणजे पादचारी पूल. शाळेसमोरच्या रस्त्याला तो बहुतेकदा गैरलागू असतो. खालून बस-ट्रक जाण्यासाठी पूल साडेपाच मीटरच्या आसपास उंच ठेवावा लागतो. म्हणजे दप्तर पाठीवर घेऊन पस्तीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. व्हीलचेअरला तो मार्ग बंदच, आणि लिफ्ट असली तरी ती कायम चालू ठेवणं हे वेगळंच काम. खाली गाड्या बिनअडथळा धावाव्यात म्हणून मुलांनी डोंगर चढावा, ही या पुलामागची कल्पनाच मला मान्य नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, दिवसाला सरासरी नव्वद. कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ एस. राजसीकरन यांनी २०१२ साली रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्यायालयानं सांगितलं, की अपंगांनाही वापरता येतील असे, अडथळे नसलेले फूटपाथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावं, हा नियम तर आधीपासून आहे. पुणे महापालिकेनं २०१६ साली स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारलं. कागद पुरेसे आहेत. आता ते फाटकासमोरच्या पन्नास पावलांत उतरायला हवेत.

नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तो पहिल्यापासून तसा नव्हता. १९७१ साली तिथे रस्त्यांवर चारशेहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. आपली मुलगी अशीच गमावलेल्या विक लांगेनहॉफ या पत्रकारानं १९७२ साली ‘बालहत्या थांबवा’ अशा शीर्षकाचा लेख लिहिला. त्यातून त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आई-बाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, रस्ते अडवले, खासदारांना भेटले. तिथले रस्ते बदलले ते मुख्यतः पालकांच्या हट्टामुळे.

आपल्याकडे असा हट्ट धरला की पहिला आक्षेप कोंडीचा येतो. तोही मोजून पाहावा. शाळेजवळचा २०० मीटरचा पट्टा ५०च्या वेगानं सुमारे चौदा सेकंदांत पार होतो, ३०च्या वेगानं चोवीस सेकंदांत. तोटा दहा सेकंदांचा.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. आपलं मूल रस्त्यावर सुरक्षित नाही म्हणून आपण त्याला गाडीनं सोडतो. आणि फाटकाला चिकटून लावलेल्या त्याच गाडीआडून दुसऱ्या कुणाचं तरी मूल न दिसता रस्त्यावर येतं. शाळा भरताना आणि सुटताना फाटकाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्याच राहणार नाहीत, रिक्षा-व्हॅनसाठी थोडी पुढे जागा ठरवलेली असेल आणि तिथून मुलं चालत येतील, एवढं पालकांनी आणि शाळेनं ठरवलं तरी फाटकासमोर उद्यापासून फरक पडेल. त्याला टेंडर लागत नाही.

उरलेलं काम पथ विभागाचं आणि वाहतूक पोलिसांचं, पण ते मागून घ्यावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. त्या समितीनं एक सकाळ रस्त्यावर उभं राहावं. मेजपट्टी घेऊन फूटपाथची उंची मोजावी, घड्याळ लावून पहिलीतल्या मुलाला आणि व्हीलचेअरवरच्या मुलाला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो ते मोजावं, कुठे पाणी साचतं त्याचा नकाशा काढावा. अंध विद्यार्थी असेल तर त्याला सोबत घ्यावं. त्याच्याइतकं अचूक कोणी सांगणार नाही. पुण्यात २००६पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी प्रभागातली कामं सुचवण्याची पद्धत आहे. हे मोजमाप जोडून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा, आणि काम झाल्यावर पुन्हा त्याच मुलांना घेऊन ते तपासावं.

तपासणीची कसोटी एकच ठेवावी. शाळेतलं सगळ्यात लहान मूल आणि सगळ्यात सावकाश चालणारं मूल, दोघंही कुणाचा हात न धरता, न घाबरता, रोज पलीकडे जाऊ शकतात का? उत्तर ‘हो’ येईपर्यंत कंत्राटदाराचं बिल मंजूर होऊ नये आणि आपण पालकांनीही समाधान मानू नये. या मापानं बांधलेला रस्ता आजोबांना, गरोदर बाईला, भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या कुणालाही आपसूक पुरतो. उद्याच्या प्रत्येक नव्या रस्त्याच्या नकाशावर हेच माप पहिलं लिहिलेलं असावं.