एकाच रक्ताचे मासे

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘खानदान कसं आहे?’ मुलगा काय वाचतो, घरात कसा बोलतो, हे नंतर. रक्त चांगले तर माणूस चांगला, असा हा हिशेब. तो कितपत खरा, हे माशांना विचारता येते.

1981 साली अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी झेब्राफिश या मूळ आपल्याच उपखंडातल्या इवल्या माशाचे क्लोन तयार केले. अतिनील किरणांनी शुक्राणूतील वारसा नष्ट करायचा. अशा शुक्राणूने अंडे फक्त जागे होते. बापाचे काही येत नाही. मग अंड्याला उष्णता देऊन त्याचे पहिले विभाजन रोखायचे, म्हणजे आईचाच वाटा दुप्पट होतो. हीच रीत पुढच्या पिढीत वापरली की हुबेहूब एकसारखे मासे मिळतात. संशोधकाला ते हवे असतात, कारण औषधाचा परिणाम कोणता आणि रक्ताचा कोणता, हे वेगळे काढता येते. मत्स्यशेतीत मात्र हेच एकसारखेपण घातक ठरू शकते. जो रोग एकाला सोसत नाही, तो कोणालाच सोसणार नाही.

मेक्सिको-टेक्सासच्या नद्यांत अमेझॉन मोली नावाचा मासा आहे. तो निसर्गतःच क्लोन, सगळ्या माद्या. बर्लिनच्या संशोधकांनी जन्मल्या दिवशीच तिची पिले वेगळी केली. सारखेच टाके, सारखेच पाणी, सारखेच अन्न. तरी काही आठवड्यांनी कोणी चपळ निघाले, कोणी संथ. हा शोधनिबंध 2017 साली प्रसिद्ध झाला.

माशावरून माणसाचा फैसला करू नये, हे मान्य. माशाला तक्वा नसतो. पण रक्त जिथे माशाची चालसुद्धा ठरवू शकत नाही, तिथे माणसाची नियत काय ठरवणार?

‘तुम्ही लोक सगळे सारखेच’ हे वाक्य बाहेर ऐकले की आपल्याला चीड येते, आणि ती रास्त आहे. मग घरी येऊन आपण बिरादरीची उतरंड मोजतो, अमक्या जमातीची मुलगी नको म्हणतो, तेव्हा वेगळे काय बोलतो? हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात पैगंबरांनी (स.) वंशाचा बडेजाव नाकारला आणि कसोटी तक्व्याची ठेवली. तक्वा वारशाने मिळत नाही, कमवावा लागतो.

बाहेरच्यांकडे जो न्याय मागतो, तो आधी आपल्या उंबऱ्याच्या आत द्यायला हवा.