दूरचा वाघ आणि दारातला बिबट्या

व्याघ्र प्रकल्पास पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे ‘इंटरनॅशनल बिग कॅट अलायन्स’ या संघटनेची घोषणा झाली. वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, चित्ता, जॅग्वार आणि प्यूमा या सात प्राण्यांच्या रक्षणासाठी राष्ट्रांनी एकत्र यावे, हा तिचा हेतू. पुढे सात महिनेही उलटले नव्हते. म्हैसूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवरील बंगळुरूत, कुडलू गेट परिसरातील एका निवासी संकुलाच्या वाहनतळात त्या सातांपैकीच एक, बिबट्या, अवतरला. पकडण्याच्या प्रयत्नात तो माणसांवर धावून गेला, गोळी झाडली गेली आणि १ नोव्हेंबर रोजी तो मरण पावला.

या दोन घटनांत विसंगती पाहणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य ठरेल का? संघटना जातीच्या रक्षणाचा विचार करते, गोळी एका जिवावर झाडली जाते. जात टिकावी म्हणून प्रत्येक जीव वाचलाच पाहिजे असे नाही. शिवाय राष्ट्रांचे सहकार्य निरर्थकही नव्हे. कातड्याचा चोरटा व्यापार सीमा मानत नाही. म्हणूनच १९७३ साली, व्याघ्र प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, वॉशिंग्टन येथे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार झाला. २०१० साली सेंट पीटर्सबर्ग येथे वाघांच्या तेरा देशांनी एकत्रित संकल्प सोडला. ज्ञान, पैसा, पहारा यांची वाटणी करारांनी होऊ शकते.

वाटता येत नाही ते भय. बंदीपूर हे पहिल्या नऊ व्याघ्रक्षेत्रांपैकी एक. त्याच्या सीमेवरचा शेतकरी गोठ्यातली गाय गमावतो, सांजावल्यावर लेकराला शेतातून घरी बोलावून घेतो, आणि वाघ जगला याचा आनंद मात्र दूरच्या नगरात साजरा होतो. त्याच नगराच्या वाहनतळात बिबट्या आला, की पहिली मागणी त्याला हलवण्याची होते. नगरवासी आईचे भय खोटे नसते. पण मग शेतकऱ्याच्या घरातले भय मागासलेपणाचे कसे ठरते? ज्याने स्वतः काही सोसले नाही, त्याने इतरांना सहनशीलतेचा उपदेश करावा काय?

सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडील वारली समाज वाघोबाला पुजतो. त्या श्रद्धेत भय नाकारलेले नाही. भयाला शेजाराचे स्थान दिलेले आहे. ही रीत बंगळुरूने जशीच्या तशी उचलावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यामागचा न्याय उचलता येईल: जो वाघ मागतो, त्याने त्याची किंमतही उचलावी. मेलेल्या गाईची भरपाई वेळेवर पोहोचवणे, बन्नेरघट्टाच्या वनाकडे सरकणारी वस्ती आवरणे, ही त्या किमतीची अगदी साधी रूपे होत. राष्ट्रांचे करार राजधान्यांत होतात. ते पाळले गेले की नाही, हे मात्र वनाच्या सीमेवरील घरातच कळते.