मेज आवरताना

लेखनाचे मेज नीटनेटके असावे, हे खरेच. माझ्या घरच्या मेजावरही इब्री व ग्रीक संहिता, शब्दकोश आणि लहानसा क्रूस ठरलेल्या जागी असतात. परंतु ही शांती भंगणारा पाहुणा नकोसा वाटू लागला, की प्रश्न पडतो: हे मेज वेदी आहे की मूर्ती?

ड्यूररच्या १५१४ मधील कोरीव चित्रात बायबलचे भाषांतरकार संत जेरोम अशाच नेटक्या मेजाशी एकाग्र दिसतात. प्रत्यक्षात ४१० साली रोम पडल्यावर निर्वासित त्यांच्या बेथलेहेमातील मठापर्यंत आले, तेव्हा यहेज्केलावरील भाष्य बाजूला ठेवून त्यांनी त्या लोकांची सेवा केली.

मेज अवश्य आवरा. मात्र दारावर थाप पडताच आनंदाने उठता येईल, असे अंतःकरणही आवरून ठेवा.