नोझिकच्या तीन कथा आणि रखमाबाईंचा खटला

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातील उदाहरणे आपण उदाहरणे म्हणूनच वाचतो. मुद्दा कळला की ती विसरून जायची, असा जणू संकेतच आहे. रॉबर्ट नोझिकच्या 'अ‍ॅनार्की, स्टेट अँड यूटोपिया' (१९७४) या ग्रंथाबाबत हा संकेत पाळून चालत नाही. लिबर्टेरियन विचाराची ही बहुधा सर्वांत समर्थ तात्त्विक मांडणी आहे, आणि तिचा युक्तिवाद निर्णायक क्षणी कथेचा आश्रय घेतो. कथा कोठून सुरू होते, पात्रे कोण आहेत, निवेदक कशाविषयी मौन पाळतो, हे समीक्षेच्या परिचयाचे प्रश्न येथे राज्यविचाराचेही प्रश्न होतात. ('लिबर्टेरियन' हा शब्द तसाच ठेवला आहे. 'स्वातंत्र्यवादी' म्हणावे, तर स्वातंत्र्याचा पक्ष घेणारे इतर सारे त्यातून वगळले जातात. आणि वाद तर त्याच वारशाचा आहे.)

नोझिकची भूमिका थोडक्यात अशी : व्यक्तीचे हक्क इतके बळकट आहेत की राज्यसंस्थेला करण्यासारखे फारसे उरतच नाही. बळजबरी, चोरी व फसवणूक यांपासून संरक्षण आणि करारांची अंमलबजावणी एवढेच तिचे काम. फेरवाटपासाठी श्रमाच्या मिळकतीवर कर घेणे हे त्याच्या लेखी सक्तीच्या श्रमाच्या तोडीचे. हे सिद्ध करण्यासाठी तो पहिली कथा सांगतो. समजा, तुम्हाला न्याय्य वाटेल अशी वाटणी झाली. मग बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचा खेळ पाहायला येणारे दहा लाख प्रेक्षक त्याच्या नावाच्या पेटीत प्रत्येकी २५ सेंट स्वखुशीने टाकतात. हंगामाअखेर त्याच्याजवळ अडीच लाख डॉलर जमतात. मूळ वाटणी मोडली. पण अन्याय कोणी कोणावर केला? कथेची मोहिनी तिच्या आरंभात आहे. कोणाही पात्राला भूतकाळ नाही. ज्या सिद्धान्ताला नोझिक स्वतः 'ऐतिहासिक' म्हणतो, त्याची सर्वांत गाजलेली कथा इतिहास पुसून सुरू व्हावी, ही गंमतच म्हणायची.

दुसरी कथा कमी गाजली. सव्वीस पुरुष व सव्वीस स्त्रिया विवाहेच्छू आहेत. त्यांच्या पसंतीचा क्रमही एकच. पहिला पहिलीशी, दुसरा दुसरीशी, असे विवाह ठरत जातात. अखेरच्या दोघांपुढे एकमेकांशी विवाह करणे किंवा अविवाहित राहणे एवढेच पर्याय उरतात. तरीही त्यांची निवड ऐच्छिकच, असे नोझिक म्हणतो. कारण आधीच्या पन्नास जणांनी आपापल्या हक्कांच्या मर्यादेतच वर्तन केले. हाच न्याय तो पुढे उपासमार आणि मिळेल ते काम यांतून निवड करणाऱ्या कामगाराला लावतो. म्हणजे निवड ऐच्छिक आहे की नाही, हे निवडणाऱ्याच्या स्थितीवरून ठरत नाही. त्याचे पर्याय आकुंचित करणाऱ्यांना तसे वागण्याचा हक्क होता की नाही, यावरून ठरते. सारा ग्रंथ या एका व्याख्येवर तोललेला आहे.

विवाहाचे उदाहरण त्याला सहज सुचले असेल. मराठी वाचकाला मात्र ते सहज वाचता येत नाही. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. पुढे त्या नांदायला गेल्या नाहीत, म्हणून १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी, महिनाभरात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. येथे राज्यसंस्था काय करीत होती? तिने कर बसवला नव्हता, कोणाचे कल्याण करण्याचा उत्साह दाखवला नव्हता. दोन कुटुंबांतील व्यवहारातून उत्पन्न झालेला हक्क ती बजावून देत होती. लिबर्टेरियन विचाराने राज्यसंस्थेला नेमून दिलेले पहारेकऱ्याचे काम याहून फारसे वेगळे नाही.

यावरचे लिबर्टेरियन उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. संमतीवाचून करार नाही. अकरा वर्षांच्या मुलीवर तो बंधनकारक नव्हता. म्हणून किमान राज्यसंस्थेने दावा फेटाळायलाच हवा होता. मान्य. पण हे उत्तर एकट्या रखमाबाईंना पुरते. त्यांच्यामागे डॉक्टर असलेले सावत्र वडील होते, 'टाइम्स ऑफ इंडिया'त टोपणनावाने पत्रे लिहिण्याइतके शिक्षण होते. ज्या मुली मुकाट्याने सासरी गेल्या, त्यांच्या दारात बेलिफ आला नाही. माहेरचे दार बंद, जातीच्या बहिष्काराची धास्ती, पोट भरण्याचे साधन नाही. आणि यांतील प्रत्येक जण आपल्या हक्कातच वागत होता. घर त्याचे, पंगतही त्याची. नोझिकच्या व्याख्येप्रमाणे त्या स्त्रिया, निदान वयात आल्यावर, स्वेच्छेने नांदत होत्या असेच म्हणावे लागेल. 

हर्बर्ट स्पेन्सरचा 'द मॅन व्हर्सस द स्टेट' हा सरकारी हस्तक्षेपावरील कडवा हल्लाही १८८४ चाच. स्पेन्सर आणि मिल यांच्या वाचनावर ज्यांची बुद्धी पोसली, त्या आगरकरांनी संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला. १८९१ च्या त्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. परक्या सरकारने समाजाच्या व्यवहारात हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने यावी, हा टिळकांचा पक्ष. सरकारला दूर ठेवण्याची भाषा टिळकांची, आणि कायदा मागणारा मात्र कट्टर व्यक्तिवादी! आगरकरांची ही विसंगती मानता येईल. मला ती त्यांची समज वाटते. सरकारने मोकळा सोडलेला समाज म्हणजे मोकळ्या व्यक्तींचा समुदाय नव्हे, हे त्यांना घराघरांत दिसत होते. सरकार मुलींचे कैवारी होते असेही नव्हे. चार वर्षांपूर्वीचा हुकूम त्याच सरकारच्या न्यायालयाचा होता.

डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हा आक्षेप आर्थिक क्षेत्रात नेला. राज्यसंस्था बाजूला झाली की स्वातंत्र्य उरते. पण ते कोणाचे, असे ते विचारतात. खंड वाढवण्याचे जमीनदाराला, कामाचे तास वाढवण्याचे मालकाला. बेकाराला नोकरी की मूलभूत हक्क असे विचारले, तर तो काय निवडील, हा त्यांचा प्रश्न नोझिकच्या कामगाराविषयीच आहे. फक्त तो सत्तावीस वर्षे आधी आणि दुसऱ्या टोकाकडून विचारलेला आहे. त्यांनी सुचवलेले राष्ट्रीयीकरणाचे उपाय आज पटोत न पटोत, प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

नोझिकची तिसरी कथा, गुलामाची, मला त्याच्या ग्रंथातील सर्वांत भेदक वाटते. ती 'तुम्ही'ला उद्देशून आहे. क्रूर मालक सौम्य होतो, मजुरीचा वाटा घेऊन तुम्हाला शहरात काम करू देतो, पुढे दहा हजार मालक होतात, आणि नवव्या टप्प्यावर त्यांच्या मतांत तुमचेही एक मत मोजले जाते. यांतील कोणत्या टप्प्यावर तुम्ही गुलाम राहिला नाहीत? मत मिळाले म्हणजे स्वातंत्र्य मिळाले असे मानणाऱ्यांनी या प्रश्नाला सामोरे जावे. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या आणि पुढे तुरुंगात गेलेल्या दुर्गा भागवतांना असा प्रश्न परका वाटला नसता. राज्यसंस्थेविषयीचा हा संशय लेखकाने तरी सोडू नये. आक्षेप एवढाच, की या नऊ टप्प्यांत मालक बदलतात, वाढतात, पण ते नेहमी मालक म्हणून ओळखू येतात. बाप, नवरा, जात, गिरणीमालक या वेशात ते कथेत येतच नाहीत.

याची जाणीव नोझिकला नव्हती असे म्हणवत नाही. भूतकाळातील अन्याय फार मोठे असतील, तर ते दुरुस्त करण्यासाठी काही काळ अधिक व्यापक राज्यसंस्था लागेल, अशी कबुली ग्रंथात आहे. मात्र दुरुस्तीच्या त्या तत्त्वाचा तपशील त्याने मांडला नाही. पुढे 'द एक्झामिन्ड लाइफ' (१९८९) मध्ये त्याने आपली जुनी भूमिका अपुरी असल्याचेही लिहिले.

रखमाबाईंच्या खटल्याचा शेवट १८८८ मध्ये झाला. दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारले आणि हुकमाच्या अंमलबजावणीचा आग्रह सोडला. पुढल्या वर्षी रखमाबाई वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. रूपाने पाहिले तर ही तडजोड निर्दोष आहे : दोन प्रौढ पक्ष, उभयतांची संमती, पैशाची देवघेव. मात्र त्या दोन हजारांत विकले गेले ते नेमके काय, आणि ते दादाजींच्या मालकीचे कधी झाले होते, हे त्या व्यवहारात कोठेही विचारलेले नाही.