शिळा आणि सौदा

श्रीलंकेत गॉल शहरातल्या एका मोरीवर झाकण म्हणून पडलेली शिळा १९११ साली ओळखली गेली. आज ती कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चीनचा मिंग सम्राट योंगले याच्या नावाने १४०९ मध्ये कोरलेली ही शिळा त्याचा नौसेनापती झेंग हे याच्या आरमाराने आणली होती. तिच्यावर चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळमध्ये तेनवरै नायनार या विष्णुरूपाला आणि फारसीत अल्लाला वंदन केले आहे. सोने, चांदी, रेशीम, सुगंधी तेल असा नजराणाही तिघांना जवळपास सारखाच आहे.

परक्यांच्या दैवतांपुढे एवढ्या अदबीने उभी राहणारी सत्ता पाहून मन भरून येते. पण १४११ च्या सुमारास याच आरमाराने तिथल्या अळगक्कोणार या सत्ताधीशाला लढाईत पकडून चीनला नेले. सम्राटाने त्याला पुढे सोडून दिले, हेही खरे. म्हणून शिळेवरचा आदर मी खोटा मानत नाही. मात्र तो बलवानाने दिलेला आदर होता. कोणाला किती द्यायचे, हे देणाऱ्यानेच ठरवले होते आणि त्याच्या पाठीशी सत्तावीस हजारांवर माणसे होती.

बरोबरीची भेट मला दिसते ती केरळातल्या कालिकतच्या बंदरात. आरमाराचा मुस्लिम दुभाषा मा हुआन याने तिथला व्यवहार बारकाईने लिहून ठेवला आहे. राजाचा अधिकारी, चेट्टी व्यापारी आणि हिशेबनीस चिनी रेशमाचा एकेक नग पाहून भाव ठरवत. मग करारपत्र होई, सगळे हातात हात देत आणि भाव पुढे महाग ठरो वा स्वस्त, शब्द फिरवायचा नाही असे ठरे. मोती आणि रत्नांचा भाव ठरायला एक ते तीन महिने लागत. इथले लोक चिनी मणिचौकटीशिवाय (अबॅकसशिवाय), हातापायांच्या बोटांवर हिशेब करतात आणि जराही चुकत नाहीत, याचे मा हुआनला फार नवल वाटले. समोरच्याकडे आपल्याला न येणारी विद्या आहे, हे त्याने मोकळेपणी लिहिले. शिळेवरच्या तिन्ही भाषांपेक्षा मला ही कबुली मोठी वाटते.

१४३३ नंतर या आरमाराच्या सफरी थांबल्या. १५०२ मध्ये पोर्तुगीज वास्को द गामाने कालिकतवर तोफा डागल्या. त्याच बंदरात जगातले एक बलाढ्य आरमार कधीकाळी मोत्यांचा भाव ठरेपर्यंत थांबून राहिले होते.