पाण्याजवळची लढाई

एप्रिल महिन्यात शहाद्याहून धडगावला जाताना घाटात आमची गाडी तापली. इंजिन निवेपर्यंत थांबणं आलं. खाली नाला होता, कोरडाठाक. मोठमोठे धोंडे आणि मधे वाळू. त्या वाळूत कमरेइतका खड्डा करून झिरा काढलेला होता आणि भोवती सात-आठ बायका हंडे-कळश्या घेऊन बसल्या होत्या. एकजण खड्ड्यात उतरून वाटीनं पाणी भरत होती. दहा-बारा वाट्या निघाल्या की तळ दिसायचा, मग पुन्हा पाझरण्याची वाट बघायची. ज्यांचे हंडे भरले होते त्याही तिथंच बसून होत्या. डोक्यावर ऊन, पाड्यावर पोरं वाट बघत असणार, तरी या का थांबल्यात, ते मला कळलं नाही.

धडगावला कॉलेजच्या मुलांच्या एका शिबिरात मला ‘सेनानी आणि नेतृत्व’ या विषयावर बोलायचं होतं. पिशवीत खाज्या नाईकांवरची टिपणं होती. ११ एप्रिल १८५८, सातपुड्यातली अंबापाणीची लढाई. तारीख लिहिली होती, दोन्हीकडची बळं लिहिली होती, चालून आलेल्या मेजर इव्हान्सचं नावही लिहिलं होतं. ती लढाई एप्रिलातली आहे याचा अर्थ काय, ते लिहिलेलं नव्हतं. तो मला त्या झिऱ्यावर दिसला.

खाज्या नाईक हे नाव आमच्या धुळे-नंदुरबारकडे नवं नाही. इंग्रजी कागदांत ते ‘काजरसिंग’ झालं. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूर सोडून सातपुडा चढू लागतो, तो सेंधव्याचा घाट. त्याची राखण आधी त्यांच्या वडिलांकडे, गुमान नाईकांकडे होती, पुढं ती त्यांच्याकडे आली. राखण म्हणजे नुसता पहारा नव्हे. घाटात गाडी लुटली गेली तर जबाब नाईकानं द्यायचा. त्यामुळं कुठल्या पाड्यावर कोण नवा माणूस आलाय, कुठल्या वाटेनं बैल उतरू शकतात, कुठली वाट पावसाळ्यात बंद होते, हे सगळं नाईकाला तोंडपाठ असावं लागे. वीसेक वर्षं त्यांनी हे काम केलं. पुढं पकडलेल्या एका संशयिताला मारहाण झाली, तो माणूस दगावला आणि नाईक तुरुंगात गेले. मुदतीआधी सुटले. १८५७ साली कंपनीला माणसांची गरज पडली तेव्हा त्यांना पुन्हा घाटावर नेमण्यात आलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी चाकरी सोडून बंडाचा रस्ता धरला.

इथं मला खोटं गोड बोलायचं नाही. एक माणूस त्यांच्या हातून मेला होता, आणि बंडामागं अपमानाचा वैयक्तिक राग होताच. पण राग एकट्याचा असतो. त्याच्यामागं हजारभर तिरकमठे उभे राहतात ते फक्त त्याच्या रागापायी नाही. जंगलावरचे आणि घाटावरचे जुने हक्क सुटत चालले होते, सावकाराची वही वाढत होती, आणि ज्या नाईकांच्या शब्दावर डोंगर चालायचा त्यांना पगारी शिपाई करून टाकलं होतं. खाज्या नाईकांचं दुखणं आणि डोंगराचं दुखणं एकाच जागी ठसठसत होतं. सेनानी होण्याची पहिली अट मला ही वाटते. ती शिकवून येत नाही.

नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरहून मुंबईला निघालेला ७ लाख रुपयांचा खजिना त्यांनी याच रस्त्यावर अडवला आणि नेला. भीमा नाईक त्यांच्या जोडीला होते. शिरपूर लुटलं गेलं, तारा तोडल्या गेल्या, मुंबई-आग्रा रस्ता बेभरवशाचा झाला. ज्यानं वीस वर्षं घाट राखला, त्यालाच तो कुठं बंद करायचा हे ठाऊक असणार.

आता याच डोंगराच्या पायथ्याचा दुसरा सेनानी बघा, कारण त्याच्याशेजारी ठेवल्याशिवाय खाज्या नाईक मला नीट दिसत नाहीत.

जेम्स आउट्रम १८२५ साली खानदेशात आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. भिल्लांची पलटण उभी करायचं काम त्याच्याकडं आलं. आधीचे प्रयत्न फसलेले. भिल्ल येतच नव्हते, कारण ‘या, चाकरी देतो, हत्यार देतो’ म्हणून गोळा करायचं आणि मग कापून काढायचं, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १८०४ साली कोपरगावला पेशवाईतल्या बाळाजी लक्ष्मणानं भिल्लांना विश्वासानं बोलावलं आणि धरून दोन विहिरींत टाकून मारलं. हे आपल्याच राज्यात घडलं, मराठी माणसाच्या हातून घडलं. इतिहास सांगताना आपण हे पान फार भरभर उलटतो.

आउट्रम फौज मागं ठेवून त्यांच्या वस्त्यांवर जाऊ लागला. त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, वाघाच्या मागं त्यांच्या पुढं राहिला. हळूहळू माणसं जमली आणि धरणगावला भिल्ल कॉर्प्स उभी राहिली. पण माझ्या मते त्याची खरी कमाई मालेगावला झाली. नव्या भरतीच्या या भिल्लांना घेऊन तो आपल्या मूळच्या पलटणीकडे, मुंबई पायदळाच्या २३ व्या रेजिमेंटकडे गेला. तिथं जातीनं वरचे मानले जाणारे शिपाई होते. ते टिंगल करतील, नाकं मुरडतील, ही भीती होती. तसं झालं नाही. शिपायांनी भिल्लांना आपल्यात बसवलं, जेवू घातलं, लहानमोठे सगळे त्यांच्याशी बोलले. आउट्रमनं स्वतः हे मोठ्या समाधानानं लिहून ठेवलं आहे. कवायत आणि बंदुकीची तालीम सगळ्याच पलटणींना मिळते. एका पंगतीला बसणं त्या काळात पलटणीबाहेर कुठंच मिळत नव्हतं. ज्या समाजाला गावाच्या वेशीवर थांबवलं जायचं, त्याला एका तरुण परक्यानं जेवायला बसवलं आणि त्या बदल्यात त्याची पिढ्यान् पिढ्यांची निष्ठा घेतली.

आणि मग ती निष्ठा कुठं वळवली? १८३० साली हीच पलटण घेऊन तो आमच्या नवापूरला लागून असलेल्या डांगमध्ये भिल्लांवरच चालून गेला. १८५७-५८ मध्ये आउट्रम खानदेशातून केव्हाच गेलेला होता, तरी त्यानं उभी केलेली भिल्ल कॉर्प्स कंपनीच्याच बाजूला राहिली. सातपुड्यात भिल्ल भिल्लावर गोळी झाडत होता.

नेतृत्वावरच्या पुस्तकांत आउट्रमचा धडा असाच्या असा घालता येतो: माणसांत मिसळा, त्यांना मान द्या, धोक्यात पुढं राहा. सगळं खरं आहे. मला त्यात अपुरं वाटतं ते एवढंच, की माणसांचा विश्वास कसा मिळवावा हे पुस्तक सांगतं आणि मिळालेला विश्वास कोणाच्या दारात नेऊन टाकायचा यावर ते काही बोलत नाही. आउट्रम लबाड होता असं मी म्हणत नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये लखनौकडे जाणाऱ्या फौजेत तिचा सेनापती हॅवलॉक याच्यापेक्षा तो वरिष्ठ होता. सेनापतिपद त्याच्याकडं जायला हवं होतं. पण इतके दिवस हॅवलॉक लढत आला, शेवटचं श्रेय त्याचं, म्हणून आउट्रमनं हुकूम चालवण्याचा हक्क हॅवलॉककडेच ठेवला आणि स्वतः स्वयंसैनिक म्हणून घोड्यावर बसला. असं मोठं मन फार थोड्या सेनानींपाशी असतं. पण ते ज्या कामाला लागलं होतं ते काम परक्यांच्या राज्याचं होतं. मोठ्या मनाचा माणूस अन्यायाच्या बाजूनं इतक्या सरळपणे उभा राहू शकतो, हे मला दुष्ट माणसापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

आता अंबापाणी.

जंगलातल्या लढाईचा साधा नियम असा की एका जागी जमायचं नाही. दहा जण इथं, वीस जण तिथं, मारायचं आणि डोंगरात विरायचं. खाज्या नाईकांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही १८५८ च्या एप्रिलात दोन्ही नाईकांची माणसं अंबापाणीला एकवट होती, हजाराच्या वर, आणि तिथं त्यांना समोरासमोरची लढाई द्यावी लागली. बरेच अभ्यासक ही चूक मानतात. मीही टिपणांत ‘चूक’ असाच शब्द लिहिला होता.

पण त्या तळावर नुसते लढवय्ये नव्हते. शेकडो बायका होत्या, पोरं होती. पाडे सोडून ती सगळी नाईकांबरोबर आली होती, कारण मागं राहिलेल्या पाड्यांवर पलटण काय करते ते त्यांना माहीत होतं. आणि एप्रिलात सातपुड्यात हजारो माणसांना पुरेल असं पाणी चारदोन जागीच उरतं. अंबापाणी या नावातच आंबा आहे आणि पाणी आहे. दहा माणसं कुठल्याही झिऱ्यावर भागतात. बायकापोरांसह अख्खा समाज घेऊन निघालात तर पाण्याजवळच तळ टाकावा लागतो, आणि पाणी कुठं आहे हे शत्रूलाही विचारून कळतं. हा माझा तर्क आहे, कागदात असं कोणी लिहिलेलं नाही. पण धडगावच्या वाटेवर एप्रिलातला नाला बघितल्यावर मला दुसरं उत्तर सुचत नाही. ती चूक असेल तर सेनानी म्हणून असेल. नाईक म्हणून त्यांच्यापुढं दुसरी वाट कोणती होती?

ती माणसं कडवी लढली, धोंड्यांच्या आडून आणि उंचावरून, कंपनीच्या बंदुकांपुढं. त्या लढाईत खाज्या नाईकांचा मुलगा पडला. लढाई संपल्यावर पकडलेल्यांपैकी पन्नासाहून जास्त जणांना तिथल्या तिथं खटल्याचं नाटक करून गोळ्या घातल्या. शेकडो बायका कैद झाल्या, त्यांत दोन्ही नाईकांच्या घरच्याही होत्या. नाईक स्वतः निसटले.

या जागी मी नेहमी अडखळतो. सेनापती वाचला आणि बायकापोरं सापडली, याला काय म्हणायचं? नेसरीची गोष्ट मराठी माणसाला पाठ असते. २४ फेब्रुवारी १६७४. बहलोलखानाला सोडून दिलं म्हणून महाराजांचा शब्द लागला आणि सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वार घेऊन त्याच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण गेले. साल्हेरच्या १६७२ च्या लढाईत याच प्रतापरावांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं होतं, आणि साल्हेर आमच्या नवापूर-साक्रीच्या डोंगरांपासून लांब नाही, म्हणून ते मला आपल्याकडचे वाटतात. त्यांच्या शौर्यापुढं मी हात जोडतो. पण फौज मागं ठेवून मरायला निघालेला सेनानी त्या क्षणी स्वतःच्या दुःखाचा सेनानी असतो. फौजेचं पुढं काय, ते सांभाळायला नेसरीनंतर मागं महाराज होते, हंबीरराव मोहिते होते. खाज्या नाईकांच्या मागं कोणी नव्हतं. ते अंबापाणीला मेले असते तर पोवाडा झाला असता. ते जगले. मुलगा गेलेला, घरच्या बायका कैदेत, आणि हा माणूस तुटलेली टोळी बांधत पुन्हा डोंगरात फिरत राहिला. पुढची ही दोन वर्षं मला अंबापाणीच्या दिवसापेक्षा अवघड वाटतात. हरलेल्या सेनानीकडे माणसं कशाच्या भरवशावर परत येत असतील? द्यायला खजिना उरलेला नव्हता, जिंकण्याची आशा तर नव्हतीच. तरी ती आली.

१८६० साली विश्वासानं जवळ आलेल्या माणसानंच त्यांना दगा देऊन मारलं. भीमा नाईक १८६७ पर्यंत हाती लागले नाहीत. मग त्यांना अंदमानला पाठवलं, तिथंच १८७६ साली त्यांचा शेवट झाला. आउट्रम १८६३ साली गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला जागा मिळाली.

आज नंदुरबार जिल्ह्यात दहांतली जवळजवळ सात माणसं आदिवासी आहेत. नंदुरबार शहरात १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात शहीद झालेल्या शिरीषकुमारचं स्मारक आहे आणि ते असायलाच हवं. शाळेतल्या प्रत्येक मुलाला ती गोष्ट येते. अंबापाणीची गोष्ट मात्र धडगावच्या त्या शिबिरातल्या पन्नास मुलांपैकी चौघा-पाचांनीच ऐकली होती, आणि ती मुलं ज्या पाड्यांवरून आली होती तिथलेच लोक त्या लढाईत असण्याचा संभव आहे. मी टिपणं पिशवीतच ठेवली. ‘चूक’ हा शब्द कसा लिहिला आणि वाटेत कसा खोडला, तेच त्यांना सांगितलं. एका मुलीनं विचारलं, त्या कैद झालेल्या बायकांची नावं कुठं आहेत का? इंग्रज अधिकाऱ्यांची नावं माझ्या टिपणांत ओळीनं होती. तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

परतताना घाटातल्या त्याच वळणावर ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. उन्हं कलली होती. झिऱ्यावर सकाळच्यासारखाच घोळका होता, बायका बहुधा दुसऱ्या. एक म्हातारी अजून खड्ड्यात होती, वाटीनं भरत होती. बाकीच्यांचे हंडे भरून कडेला लावलेले. कोणी उठत नव्हतं. म्हातारीचा हंडा भरला, एकीनं तिला हात देऊन वर ओढलं, दुसरीनं हंडा तिच्या डोक्यावर चढवला. मग त्या सगळ्या एकदम उठल्या आणि पाड्याकडे चढू लागल्या.