तेवत्या पणतीची नोंद

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री अंगणात पणत्यांच्या दोन रांगा लावल्या होत्या. एका रांगेतल्या पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवलेल्या, दुसरीतल्या कोऱ्याच. नवी पणती तेल पिते, म्हणून आधी भिजवावी, असं आई सांगायची. त्यानं खरंच फरक पडतो का, हे लेकीला पाहायचं होतं. ती वही घेऊन पायरीवर बसली. पणती विझली की वेळ लिहायची.

अकराला तिचे डोळे मिटायला लागले. सहा पणत्या अजून तेवत होत्या.

“यांचं काय लिहू?”

गाळून टाकाव्यात, तर सगळ्यात जास्त टिकलेल्याच हिशेबातून जातात. अकराला विझल्या म्हणावं, तर ते खरं नाही.

हाच प्रश्न माणसांच्या बाबतीतही पडतो. अमेरिकेत १९६३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्ताच्या कर्करोगाचे ४२ कोवळ्या वयाचे रुग्ण. आजार तूर्त दबलेला. २१ जणांना ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध, २१ जणांना औषध नसलेली गोळी. औषध न मिळालेल्या सगळ्यांचा आजार उलटला. औषध घेणाऱ्यांपैकी ९ जणांचा. उरलेल्या १२ जणांच्या आठवड्यांच्या आकड्याला एक अधिकचं चिन्ह जोडलं गेलं. ३५+. म्हणजे ३५ आठवडे तरी नक्की. पुढचं ठाऊक नाही.

अशा नोंदींची तुलना करण्याची एक रीत नेथन मँटेल यांनी १९६६ साली मांडली. लॉग-रँक चाचणी म्हणून ती पुढं रुळली. आयुष्य अमुकच वळणानं जाईल, असं ती आधी धरून चालत नाही. कुणाचा आजार उलटला की ती त्या घडीला थांबते आणि पाहते, आत्ता दोन्हीकडं किती जण शिल्लक होते? औषधानं काही फरक पडत नसता, तर कुणाच्या वाट्याला किती आलं असतं? या हिशेबानं औषधाच्या बाजूला सुमारे १९ जणांचा आजार उलटायला हवा होता. उलटला ९ जणांचा.

अधिकचं चिन्ह असलेला प्रत्येक जण, तो जिथवर ठाऊक आहे तिथवर, या मोजणीत हजर असतो. तो नुसता टिकून असतो. तेवढ्यानं हिशेब बदलतो. अपुरी नोंद म्हणजे खोटी नोंद नव्हे.

आपल्या ओळखीतली कितीतरी माणसं आपल्याला अशीच ठाऊक असतात, शेवटच्या भेटीपर्यंत. पुढं आपण त्यांना विसरतो, नाहीतर त्यांची गोष्ट आपणच संपवून टाकतो. “तो? त्याचं काही झालं नाही पुढं.” पाहिलेलं थोडं असतं, म्हटलेलं पुष्कळ.

लेकीला म्हटलं, “अकरा लिही. पुढं अधिक.”

सकाळी अंगणात गेलो. सहाही पणत्या थंड होत्या. वाती काळ्या पडलेल्या. लेकीनं वही उघडली, पेन हातात घेतलं आणि थोडा वेळ त्या सहा ओळींकडं पाहत राहिली.

मग चिन्ह तसंच ठेवून तिनं वही मिटली.